उतार

पुळणवाडी, ता. मालवण
सोमवार, ६ जानेवारी २०२५

चि. पृथ्वीराज,

तुला आईचा आणि आबांचा आशीर्वाद. आम्ही दोघं इथं सुखरूप आहोत. तुझी तब्येत बरी असेल. हरणाआत्यानं विणून पाठवलेली कानटोपी तू घालत नसशील हे मला माहीत आहे, तरी घाल. अंकितानं कुडाळहून तिळाचे लाडू पार्सल केलेत. पोचेपर्यंत त्यांचा चुरा होणार, तेव्हा चमच्यानं खा आणि बहिणीला नावं ठेवू नकोस.

तू म्हणशील, हातात फोन असताना आईला कागद-पेन कशाला सुचलं. आपलं फोनवरचं बोलणं कसं असतं ते तुला ठाऊक आहे. तू टेकडावर चढून रेंज शोधतोस, मी माडाखाली एका कानात बोट घालून उभी असते, आणि अर्धं बोलणं वाऱ्यात जातं. या वेळी तर त्या फोननं मोठा घोटाळा करून ठेवलाय. तो निस्तरायचा तर पत्रच बरं. तुझे आबा फौजेत होते तेव्हा मी त्यांना पानंच्या पानं लिहायची आणि त्यांचं उत्तर यायचं, ‘पत्र पावले, मजकूर समजला.’ तू तसं करू नकोस. मला नीट उत्तर हवंय.

कामाचं आधी सांगते, म्हणजे लहानपणासारखं शेवटचं पान आधी वाचणार नाहीस. आपल्या घराच्या मागचा उतार तू रद्द करायला सांगितलास, ते मी थांबवलंय.

शनिवारी नानासो गवंड्याचा फोन आला. म्हणाला, “वहिनीसाब, स्लॅब पडला. आता म्होरल्या पायऱ्या धरतो. सायबांनी निरोप दिलाय, मागचा उतार काढून टाका, आबा चालाय लागल्यात, आता उतार कशाला. तितं ट्रॅक्टर हुबा करायचा म्हनत्यात.” मी त्याला म्हटलं, “नानासो, पृथ्वीराजचा दुसरा निरोप येईपर्यंत उताराला हात लावू नका, आणि पायऱ्याबी धरू नका.” तो म्हणाला, “आवं पर वास्तुशांतीचा मुहूर्त?” मी म्हटलं, “मुहूर्ताचं मी बघते.” असं मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर पाणी प्याले.

आता घोटाळा काय झाला ते ऐक. नाताळच्या आधी तुझा फोन आला होता. मी इथल्या होड्यांच्या उतारावर उभी होते. तू विचारलंस, “आबास्नी उतार हाय का?” मी म्हटलं, “हाय की. लय झ्याक उतार हाय. आता आपलं आपन जात्यात पाण्यापतूर.” त्यावर तू काही बोललाच नाहीस. मला वाटलं फोन तुटला. मी दोनदा हॅलो हॅलो केलं आणि आत आले.

पोरा, तू दुखण्याचा उतार विचारत होतास. मी सिमेंटचा सांगत होते. त्याच्या आदल्या फोनला तूच बजावलं होतंस, ‘खोली ठरवताना आधी उतार हाय का बघ, न्हाईतर खुर्ची आत जायची न्हाई.’ माझ्या डोक्यात तोच उतार बसलेला. तू गप्प का झालास ते मला शनिवारी नानासोचं ऐकल्यावर कळलं. तू तिकडे रडत असणार. आनंदानं रडत असणार, आणि तो आनंद मी तुला चुकून दिला. याचं मला इतकं वाईट वाटतं की ते कसं लिहावं समजत नाही.

हरणाआत्यानं तर तुझा निरोप मिळाल्या मिळाल्या गावात पेढे वाटले. मारुतीला नारळ फोडला. वास्तुशांतीला बँड सांगितलाय, भाऊ स्वतःच्या पायानं नव्या घराच्या पायऱ्या चढणार म्हणून. मी तिला अजून काही बोललेले नाही. तिच्याशी तूच बोल, तुझ्यावर तिचा जीव आहे, तुला ती शिव्या देणार नाही.

तेव्हा स्पष्ट लिहिते. आबा चालत नाहीत. ‘अजून चालत नाहीत’ असं लिहिलं होतं, मग ‘अजून’ खोडलं. खाडाखोड तुला दिसत असेल. का खोडलं ते पुढे लिहीन. आधी इथलं सांगू दे, नाहीतर तुला वाटेल आई समुद्रकाठी बसून नुसतं रडगाणं लिहिते.

आबांना इथं आणायचं ठरलं तेव्हा आत्यानं केवढा कालवा केला होता ते तू ऐकलंच असशील. “वारं गेलेल्या मानसाला वाऱ्यात नेतीस व्हय गं?” आपल्याकडे अंगावरून वारं गेलं की माणसाच्या खिडक्यासुद्धा लावून घेतात. माधवनगरच्या त्या भाड्याच्या खोलीत मीही तेच केलं होतं. जुनं घर पाडलेलं, नवं व्हायचं, खालच्या मजल्यावर जागा मिळाली नाही म्हणून वर राहायचं. आबा महिनोन् महिने खिडकीच्या बंद काचेशी. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की पोट बिघडलंय म्हणायचे. व्यायाम शिकवणारा मुलगा घरी यायचा, त्याच्यावरही खेकसायचे. तुला मी ‘कंटाळलेत’ एवढंच सांगत होते. मग अंकिता म्हणाली, आई, मी इकडे बँकेत आहे, महिनाभर समुद्राच्या हवेला आणा, मी बघते सगळं.

तिनं आधी जे बघितलं ते मोठं हॉटेल होतं. मजल्यावर मजले, लिफ्ट, खोलीत गरम पाणी, बिचारीनं कशातही कसूर केली नव्हती. खिडकीतून समुद्र सगळा दिसायचा. पण त्याच्यापर्यंत जायचं तर हॉटेलची भिंत, भिंतीत लोखंडी दार, दारावर शिट्टीवाला माणूस, आणि दारापलीकडे खाली उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. आजूबाजूलाही तीच गत, एका हॉटेलची भिंत संपली की दुसऱ्याची सुरू. गावातल्या लोकांनासुद्धा लांबून फिरून यावं लागत होतं. आबांनी एक दिवस बघितलं, दुसऱ्या दिवशी म्हणाले, “हे माधवनगरच हाय. निस्तं पानी जास्त.” मी सामान बांधायला घेतलं.

हॉटेलातून आम्हाला न्यायला आलेल्या रिक्षावाल्यानं खुर्ची घडी करून मागे बांधताना विचारलं, कुठे जायचं. अंकिता म्हणाली, जिथं पायऱ्या नाहीत तिथं. त्यानं आम्हाला पुळणवाडीला आणून सोडलं. पुळण म्हणजे इकडे समुद्रकाठची वाळू.

इथं एकही घर माडापेक्षा उंच नाही. मयेकर वहिनींची खोली आहे, कौलारू, पुढे सारवलेलं अंगण. उंबरा चढायला त्यांनी जुन्या होडीची फळी टाकून दिली. अंगणातूनच वाट जाते, ती सरळ समुद्रावर. पहिले दोन-तीन दिवस मी त्या वाटेनं गेलेच नाही. मला वाटलं, खासगी अंगण, मधे दुसऱ्याची माडाची बाग, तिसऱ्याचं खळं, विचारल्याशिवाय कसं जायचं. आपल्याकडे दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला तर वकील गाठावा लागतो. मी आबांना डांबरी रस्त्यानं लांबून ढकलत नेत होते, घामाघूम होत होते. शेवटी मयेकर वहिनींनी विचारलं, “तुम्ही त्या रस्त्यान कित्याक जातास?” मी कारण सांगितलं. त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, “ही वाट आमची न्हय. गावाची असा. समुद्रार जाणाऱ्याक कोण विचारणार?” पूर्वीपासून असंच आहे म्हणे. घरं आपापली, पण समुद्राकडे जाणारी वाट कुणी अडवायची नाही, कुंपण घातलं तरी वाटेपुरतं मोकळं ठेवायचं. मी हे आबांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. “आन् कोर्टात कोन जात न्हाई?” म्हणाले.

वाट जिथं संपते तिथून वाळूपर्यंत सिमेंटचा रुंद उतार आहे. तो होड्या चढवायला-उतरवायला आणि मासळीच्या हातगाड्यांना केलेला. आम्ही पहिल्यांदा तिथं उभे राहिलो तेव्हा मी वहिनींना विचारलं, इथून खुर्ची नेली तर चालेल का. त्या म्हणाल्या, “ह्यो होड्यांसाठी केलेलो असा. होडी जाता-येता, मग माणसाक काय झाला?”

आबांच्या डोक्यावर तेव्हा कानटोपी, गळ्यात मफलर, पायात दोन-दोन मोजे. आत्याचा धाक. उतारावर मी खुर्ची मागे धरून धरून नेली. खाली वाळूत चाकं रुतली. मग तिथल्याच एका म्हाताऱ्यानं सांगितलं, ओहोटीला या, ओली वाळू घट्ट असते, सायकलसुद्धा चालते. तेव्हापासून तुझ्या आबांना ओहोटी कधी आहे ते पाठ झालंय. सकाळी उठले की आधी तेच. मफलर गेला, मोजे गेले, आता कानटोपीही मयेकरांच्या खुंटीला टांगलेली असते. वाऱ्यात बसतात आणि त्यांना काहीही होत नाही. हे आत्याला कळवू नकोस, तिचा विश्वास बसणार नाही आणि राग मात्र येईल.

इथं थांबते. चुलीवर भात आहे.

मंगळवार, दुपार

काल पुढे लिहिलं नाही. भात झाल्यावरही लिहिता आलं असतं, पण नाही लिहिलं.

रापणीचं सांगायचं राहिलं. रापण म्हणजे लांबलचक जाळं. होडीनं ते समुद्रात गोलाकार टाकून येतात आणि मग काठावर दोन्ही टोकांना माणसं उभी राहून दोर ओढतात, तासन्‌तास. बायका, म्हातारे, वाटेनं जाणारासुद्धा दोराला हात लावतो.

शनिवारी मी भाजी आणायला नाक्यावर गेले होते. परत आले तर अंगणात आबा नाहीत, खुर्चीही नाही. उतरायचे आपले आपण, पण माझ्या माहितीत मला सोडून कधी गेले नव्हते. मयेकर वहिनी मागे धुणं धूत होत्या, त्यांनाही माहीत नाही. मी पिशवी तिथंच टाकली आणि पळाले. उताराच्या खाली ओल्या वाळूत चाकांच्या दोन रेघा सरळ पाण्याच्या दिशेनं गेलेल्या. पृथ्वीराज, त्या रेघांच्या कडेनं पळताना माझ्या मनात काय आलं ते मी लिहीत नाही. तू समज.

आबा पाण्याच्या अलीकडे होते. खुर्चीचा ब्रेक लावलेला, दोराचा एक वेढा खुर्चीच्या हाताला घेतलेला, डाव्या हातात दोर, आणि तोंडानं पलटणीतली रस्सीखेच चालू. “एक साथ, जवान, एक साथ. पैर जमाके.” ते रापणकर पोटभर हसत होते आणि त्यांच्या तालावर ओढतही होते. मला बघून आबा म्हणाले, “थांब जरा, काम चाललंय.” आजारी पडल्यापासून हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

जाळं वर आलं. मासळी फारशी नव्हती, बांगडे आणि बारीक तारली. तिथंच वाळूवर वाटे घातले. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा सारखा. एक वाटा आबांच्या खुर्चीपुढे ठेवला. मी म्हटलं, अहो, राहू दे, त्यांनी आपलं गंमत म्हणून हात लावला. तो ओहोटी शिकवणारा म्हातारा माझ्याकडे न बघताच म्हणाला, “दोराक हात लावल्यान, त्येका वाटो.” कुणाला कौतुक नाही, कीव नाही. पुढच्याच्या समोर ठेवला तसाच वाटा आबांच्या समोर ठेवला.

ते मासे मांडीवर घेऊन आबा आले. आणि कसे आले ते ऐक. उतार चढताना मी मागे हात लावायला गेले तर म्हणाले, “सोड.” खुर्ची फिरवली, उताराकडे पाठ केली, आणि चांगला पाय टेकवून रेटत रेटत मागे मागे वर आले. तोंड समुद्राकडे, पाठ घराकडे. मधे दोनदा थांबले. माझे हात नुसते पुढे धरलेले, लावायची परवानगी नव्हती. असं कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाले, रोज तू आंघोळीला गेलीस की करून बघत होतो.

मासे मी आयुष्यात साफ केले नव्हते. मटण म्हणशील तर गावजेवणाचं करीन, पण बांगड्याकडे बघून मला घाम फुटला. वहिनींनी साफ करून दिले. आबांनी आमटी ओरपून खाल्ली आणि वर म्हणाले, “माझ्या कमाईचं हाय, काटं बघून खा.”

त्या संध्याकाळीच नानासोचा फोन आला. मी अंगणात बोलत होते आणि आबा दारात होते. सगळं ऐकलं. मी फोन ठेवला तशी म्हणाले, “काय सांगितलंस पोराला?” मी उताराचा घोटाळा सांगितला. मला वाटलं चिडतील. ते हसले, पृथ्वीराज. डाव्या बाजूनं हसतात तसे, पण खूप वेळ हसले. मग म्हणाले, “मंग आता खरं लिव्ह त्याला.”

आता ते खोडलेलं ‘अजून’.

गणपती झाल्यावर मी आबांना सांगलीला दाखवलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, जेवढं यायचं होतं तेवढं पहिल्या काही महिन्यांत आलं. आता आहे ते टिकवायचं. पाय येणार नाही. मी हे कुणालाही सांगितलं नाही. आबांना नाही, अंकिताला नाही, तुला नाही. तू फोनवर विचारायचास आणि मी ‘हळूहळू होईल’ म्हणायची. तू तिथं बर्फात पहाऱ्यावर, भोवती घरचं कुणी नाही. ते ऐकून तू काय करशील याची मला भीती वाटत होती. आबा आजारी पडले तेव्हा तुला रजा मिळायला उशीर झाला, ते तू अजून मनात धरून आहेस. त्यात आणखी भर कशाला, असं वाटलं.

त्या संध्याकाळी मी आबांना म्हटलं, “आवं, तुमास्नी एक सांगायचं हाय, डाक्टर म्हनलं हुतं...” त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाले, “मला म्हाईत हाय. मी त्येच्या आधीच इचारलं हुतं त्येला. तुला सांगू नका म्हनलं. तुजं जेवान तुटंल म्हनून.” म्हणजे आम्ही दोघं एकाच खोलीत एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो, आणि दोघंही खिडकी लावून घेत होतो. मला रडू आलं. आबांनी आपला मफलर दिला डोळे पुसायला. तेवढा तरी तो कामाला आला.

मग मी विचारलं, माधवनगरला खाली का उतरत नव्हता. तर जे सांगितलं ते तुलाही माहीत हवं. त्यांना शेवटचं दवाखान्यात नेलं तेव्हा बिल्डिंगमधल्या चौघा पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खांद्यावर घेतलं होतं, जिना अरुंद म्हणून. चांगली पोरं, काळजीनं नेत होती. खाली रस्त्यावर एक म्हातारी बाई भाजी घेत उभी होती. तिला नीट दिसलं नसावं. चौघांच्या खांद्यावर माणूस येतोय बघून तिनं पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. मी मागून चप्पल घेऊन येत होते, मला काही दिसलं नाही. आबांना दिसलं. म्हणाले, “मी जित्ता हाय गं, आन् लोकं नमस्कार कराय लागली. मंग न्हाईच उतरायचं म्हनलं.”

एवढंच म्हणाले. मग मला म्हणाले, पोराला लिही. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते: “त्येला लिव्ह, मी बरा हुनार न्हाई. बाकी झ्याक हाय. आन् म्हनावं, उतार मागनं नको, फुडनं पायजे. मागनं शेन जातंय.”

आता मी माझं लिहिते. घराची उंची कमी कर असं मी अजिबात म्हणत नाही. दोन्ही पुरांचं पाणी मी बघितलंय. भिंतीवरची चिखलाची रेघ मी हातानं पुसलीय. तू घर पुराच्या वर काढलंस ते योग्यच केलंस, गावात सगळे तुझं नाव काढतात. त्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या तू किती हौसेनं निवडल्यास तेही मला माहीत आहे, मला फोटो पाठवून पाठवून विचारत होतास. आत्याचं म्हणणं आहे, तुला मुलीकडची मंडळी बघायला येतील तेव्हा पहिल्यांदा पायऱ्याच दिसणार. दिसू देत ना. पायऱ्या मागच्या दाराला घे. तिथंही ग्रॅनाइट लागतं. पुढून उतार कर. फाटकापासून सुरू होऊन घराच्या कडेनं वळसा घेत पुढच्या दारात येणारा, संथ, एका पायानं रेटता येईल असा. अंगण बरंचसं त्यात जाईल, मी नानासोला विचारलंय. जाऊ दे. ट्रॅक्टर गोठ्याकडे उभा राहील. ट्रॅक्टर कुठल्या दारानं आला ते कुणी बघत नाही.

ज्या मंडळींना पुढच्या दारातला उतार बघून मुलगी द्यावीशी वाटणार नाही, त्यांची मुलगी आपल्याला नकोच. हे मी आत्यालाही ऐकवणार आहे, धीर गोळा करतेय.

मला माहीत आहे, हे वाचून तुझ्या डोक्यातला तो दिवस मोडणार. आबा पायऱ्या चढतायत, बँड वाजतोय, तू खाली उभा राहून बघतोयस. तो दिवस मीही मनात किती वेळा बघितला असेल. तो होणार नाही. मी तुला ते इतके दिवस सांगितलं नाही, आता सांगितलं. रडायचं असेल तर रड, पण टेकडावर एकटा जाऊन रडू नकोस, सोबत्याला सांग.

पण दुसरा एक दिवस होऊ शकतो. आबा फाटकात येतील. खुर्ची फिरवतील, घराकडे पाठ करतील आणि पाय रेटत मागे मागे वर चढतील. बँडवाले खाली, भावकी खाली, आत्या खाली, आणि आबा सगळ्यांकडे तोंड करून वर वर जातायत. मधे दोनदा थांबतील. कुणी हात लावायचा नाही, तूसुद्धा नाही. लोक हसतील. असा पाठमोरा गृहप्रवेश गावानं कधी बघितला नसेल. हसू देत. मी दारात ओवाळायला उभी असेन, आणि मला त्यांची पाठच दिसणार, तरी चालेल. ते उंबऱ्यावर आले की खुर्ची फिरवतील, मग मी ओवाळीन.

नाहीतर चौघं लागतील. कोण कोण ते तू मला कळवू नकोस.

मुहूर्त हुकला तर पुढचा बघू, माघ काय आणि फाल्गुन काय. तोवर आम्ही इथंच आहोत. मयेकर वहिनींनी राहा म्हटलंय. भाड्याचं त्यांचं-माझं ठरलंय, त्यात तू पडू नकोस. परवा आबांनी पुन्हा दोर धरला होता. या वेळी वाट्याला सगळी तारली आली आणि मला ती साफ करता आली.

पत्र आबांना वाचून दाखवलं. दोन ठिकाणी म्हणाले, एवढं कशाला लिहिलंस. खोडू का विचारलं तर म्हणाले, राहू दे. खाली सही करता का म्हटलं तर मीच लिहितो म्हणाले, डाव्या हातानं. वेळ लागला. अक्षर बालवाडीतल्या पोरासारखं आलंय, पण मी बालवाडीत शिकवलंय, मला ते लागतं. तुलाही लागेल:

*चि. पृथ्वीराज. मजकूर तिचा आहे. समजून घे. हंबीरराव.*

नानासो तुझ्या निरोपासाठी काम थांबवून बसलाय. त्याला आजच फोन कर. आणि बाळा, उतार पडला की कळव. आम्ही निघतो.

तुझी,
आई